आधी दुप्पट, मग वाटणी

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि आमच्या बागेतला सगळ्यात जुना हापूस आडवा झाला. काकांच्या आजोबांनी लावलेला. पडला, पण मेला नाही. एका अंगाची मुळं मातीतच राहिली होती, त्यामुळे जून लागला तरी शेंडे हिरवे होते. काकांनी तेवढ्या दिवसांचं सोनं केलं. चांगल्या काड्या हेरल्या, देठ ठेवून त्यांची पानं छाटली, डोळे फुगू दिले आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पडवीत बसून कोय कलमं बांधायला घेतली.

माझं कॉलेज तेव्हा बंद होतं. अकरावीच्या मुलांना पेशी विभाजनाचं प्रात्यक्षिक मोबाइलवरून दाखवायचं म्हणून मी सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. पडवीच्या एका टोकाला काकांचा चाकू, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि ओल्या गोणपाटात रुजवलेले रायवळ बाठे. दुसऱ्या टोकाला पाण्याच्या पेल्यांवर बसवलेले माझे कांदे. मधे झोपाळा, आणि झोपाळ्यावर वाद.

वाद त्या झाडामागे उरलेल्या खड्ड्याचा होता. त्यात काय लावायचं? काकांचं म्हणणं, त्याच झाडाचं कलम. माझं म्हणणं, त्याच झाडाचा बाठा. आदल्या वर्षी खाऊन फेकलेल्या आंब्यांतला एक बाठा मागीलदारी माडाच्या आळ्यात आपणहून रुजला होता आणि हातभर झाला होता. काका तो दोनदा उपटायला गेले आणि मी दोन्ही वेळा आडवी आले.

"हापूसच्या जागी हापूस," काका म्हणाले. "मी त्या झाडाला नवा जन्म देतोय. तुझा तो बाठा कोण जाणे काय निपजेल."

"जन्म तुम्ही देत नाही, काका. तेच झाड लांबवताय."

हे मी जरा फटकन बोलले. पन्नास वर्षं कलमं बांधणाऱ्या माणसाला, तुमच्या हातून एकही नवं झाड झालं नाही, असं सांगण्यासारखं होतं ते. पण शास्त्र तसंच सांगतं. काडीतल्या सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीपासून सूत्री विभाजनाने आलेल्या, प्रत्येकीत तीच ४० गुणसूत्रं. त्या काडीपासून वाढलेलं झाड म्हणजे जुन्याच झाडाची दुसऱ्या मातीत उभी राहिलेली फांदी. पोर्तुगीज १५१०मध्ये गोव्यात ठाण मांडून बसले, कलमाची रीत त्यांनी आपल्याकडे आंब्यावर रुजवली आणि अफोंसो द आल्बुकेर्कचं नाव एका आंब्याला चिकटून 'हापूस' झालं. तेव्हापासून काडीवरून काडी चालली आहे. मधे बी आलेलंच नाही.

काकांनी हातातलं कलम पुरं बांधलं, पट्टीची गाठ दातांनी ओढली आणि मग उत्तर दिलं.

"बरं. माझ्याकडचं एक कलम केळशीला गेलं, एक राजापूरला. केळशीचं निसर्ग वादळात पडलं. राजापूरचं पडलं का? त्याला यंदा दोन पेट्या आंबा लागला. वेगवेगळी मरतात ती वेगवेगळीच जन्मली असणार."

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. जिवाणू दुभंगतो तेव्हा त्याला आपण प्रजनन म्हणतो. आपल्या हाताची कातडी भरून येताना तसंच विभाजन होतं, त्याला वाढ म्हणतो. नजर लावून पाहिलं तर दोन्हीकडे घटना एकच: एका पेशीच्या दोन. तिला जन्म म्हणायचं की वाढ, हे पेशी सांगत नाही. पुढे ते दोन भाग एकत्र राहतात की आपापल्या वाटेने जातात, यावर ते ठरतं. कलम वेगळ्या वाटेने जातं. काकांच्या बोलण्यात दम होता.

मग त्यांनी आणखी अवघड प्रश्न टाकला.

"विभाजन, विभाजन म्हणतेस. विभाजन म्हणजे वाटणी ना? आमच्या वडिलांची बाग तिघांत वाटली, तेव्हा कुणाच्या पदरात बाग पडली? तुकडे पडले." त्यांनी हात केला त्या बाजूला चिऱ्याचा गडगा होता. पलीकडचा तुकडा धाकट्या काकांचा. "चार-पाचशे वर्षं वाटणी चालली आहे म्हणतेस, तर काडीतला हापूस अर्धा, पाव, अर्धपाव होत संपून कसा नाही गेला?"

वर्गात इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं तर पेशीचक्राचा सगळा धडा याच प्रश्नाचं उत्तर आहे.

"कारण पेशी आधी दुप्पट करते आणि मग वाटते."

वाल्थर फ्लेमिंगने १८८२च्या सुमारास सॅलमँडरच्या पेशी रंगवून गुणसूत्रांची हालचाल पाहिली आणि तिचं वर्णन करून ठेवलं. पुढे बराच काळ सगळ्यांचं लक्ष त्या देखण्या हालचालीवरच राहिलं. दोन विभाजनांमधला जो लांबलचक काळ, त्यात बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, म्हणून पेशी विश्रांती घेते असं समजत. ते खोटं ठरलं वालाच्या कुळातल्या एका शेंगेच्या मुळांवर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकला नावाच्या त्या शेंगेच्या कोवळ्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस पाजला. डीएनए तयार होताना फॉस्फरस लागतो. तो नेमका केव्हा आत बसतो हे त्यांनी पाहिलं, तर उत्तर निघालं: त्या तथाकथित विश्रांतीच्या मधोमध, ठरावीक तासांत. त्याआधी एक मोकळा काळ, त्यानंतर दुसरा. जी-१, एस, जी-२ आणि मग प्रत्यक्ष विभाजनाचा एम, ही चार नावं तिथून आली. जी-१मध्ये पेशी वाढते आणि पुढे जायचं का हे ठरवते. एसमध्ये डीएनएची अख्खी नक्कल होते. जी-२मध्ये नक्कल नीट झाली का हे तपासलं जातं. आपल्या शरीरातली एखादी भरभर वाढणारी पेशी या फेरीला सुमारे २४ तास घेते, आणि प्रत्यक्ष वाटणी त्यातल्या जेमतेम तासाभराची असते.

"म्हणजे तेवीस तास कागदपत्रं, एक तास मोजणी," काका म्हणाले.

"आणि कागद पुरे नसतील तर मोजणी होतच नाही."

हे मला त्यांना सांगायचंच होतं. पेशीचक्र म्हणजे नुसतं फिरणारं चाक नव्हे. त्यात नाकी आहेत. लेलँड हार्टवेल यांनी यीस्टवर काम करताना दाखवलं की डीएनएला इजा झाली असेल तर पेशी थांबते, डागडुजी करते, मगच पुढे जाते. पॉल नर्स यांना चक्र पुढे ढकलणारी किल्ली सापडली, आणि यीस्टमधली ती किल्ली माणसाच्या पेशीतही चालते हे सिद्ध झालं. टिम हंट १९८२मध्ये सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांवर प्रयोग करत होते. त्यांना एक प्रथिन दिसलं, जे पेशी विभाजनाच्या तोंडावर येईपर्यंत वाढत जातं आणि विभाजन होताना अचानक नाहीसं होतं, मग पुन्हा भरू लागतं. भरती-ओहोटीसारखं. त्याला त्यांनी सायक्लिन म्हटलं. तिघांना २००१चं नोबेल मिळालं.

काकांना नोबेलपेक्षा थांबण्याची गोष्ट अधिक पटली. "झाडात सगळंच फुटत नाही," ते म्हणाले. "लाकूड फुटत नाही. फुटतो तो सालीच्या आतला ओला थर. कलम जुळतं ते तिथंच. खुंटाचा ओला थर आणि काडीचा ओला थर, एका बाजूने तरी एकमेकाला चिकटले पाहिजेत. चाकू बोथट असला, थर चेचला, की गेलं."

तो ओला थर म्हणजे कँबियम. काप बसला की जखमेच्या कडेच्या पेशी, ज्या आपापल्या कामाला लागून चक्राबाहेर पडल्या होत्या, त्या पुन्हा चक्रात शिरतात. दोन्ही बाजूंनी मऊ पेशींचा गोळा वाढत येतो, भेटतो, आणि त्यातून नव्या वाहिन्या तयार होतात. काका पट्टी घट्ट बांधतात ती या भेटीसाठी. दोनतीन आठवड्यांत काडीचा डोळा फुटतो. पण पेशी मिसळत नाहीत. जोडाच्या खाली रायवळ ते रायवळच राहतं आणि वर हापूस तो हापूस.

माडावरून मी त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं होतं. "माडाला का नाही हो तुम्ही कलम करत?"

"माडाला साल कुठाय सोलायला? आत ओला थरच नाही. एकच कोंब. गेंड्या भुंग्याने तो खाल्ला की माड संपला."

"म्हणजे माड बियाण्यावरच. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात ते उंच (टी) आणि ठेंगू (डी) माडांचा संकर करतात तोसुद्धा नारळ रुजवूनच. आपल्या आगरातला प्रत्येक बाणवली माड दुसऱ्याहून थोडा वेगळा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही कधी तक्रार केली नाहीत."

"केली नाही, कारण बियाण्याचा नारळ घेताना मी आधी आई-माड वर्षानुवर्षं बघितलेला असतो."

इथे मला राहवलं नाही आणि शहाळ्याचं सांगून टाकलं, वादाला त्याचा काही उपयोग नव्हता तरी. पेशीचं विभाजन दोन टप्प्यांत होतं. आधी केंद्रक दुभंगतं, मग मधे भिंत येऊन पेशी दुभंगते. कोवळ्या नारळात पहिला टप्पा होतच राहतो आणि दुसरा लांबणीवर पडतो. केंद्रकं वाढत जातात, भिंती येत नाहीत. शहाळ्याचं पाणी म्हणजे भिंतींशिवाय नांदणारी अशी हजारो केंद्रकं. पुढे कडेकडून भिंती उठू लागतात, तेव्हा मलई धरते. त्या पाण्यात पेशींना विभाजनाला उठवणारी द्रव्यं असतात, म्हणून १९४०च्या दशकात अमेरिकेत प्रयोगशाळांमधून ते वापरलं गेलं. गाजराच्या कपच्यांना ते पाजलं आणि थांबलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या. आम्ही ज्याला आजाऱ्याचं पाणी म्हणतो, ते पेशींच्या दृष्टीने जागं व्हायचं बोलावणं आहे.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी नेहमीसारखा दोन्ही हातांनी धरला होता.

काकींना लिम्फोमा झाला होता. मानेला गाठी आल्या तेव्हा त्यांना चक्र वगैरे काही कुणी समजावलं नाही, घाई होती. मला पुढे त्यांना सांगावं लागलं की ज्या पेशींनी थांबायचं ऐकणं सोडलं, त्यांची ती गाठ. नाकी मोडली की विभाजन चालूच राहतं, आणि हातातल्या कलमाला जे जीवन देतं तेच माणसाला मारतं. त्यांना दिलेल्या औषधांत व्हिंक्रिस्टिन होतं. ते येतं सदाफुलीतून. आमच्या तुळशीवृंदावनाशेजारी जी जांभळट गुलाबी सदाफुली उभी आहे, तीच. गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे जे बारीक धागे पेशी विणते, ते हे औषध विणूच देत नाही. गुणसूत्रं मधोमध येऊन उभी राहतात, ओढणारा कुणी नाही, आणि तपासणीत अडकलेली पेशी शेवटी मरते. त्याच धाग्यांवर मज्जातंतूंतली वाहतूकही चालते, म्हणून बोटांना मुंग्या येतात. काकींना अजून साडीची पिन नीट धरता येत नाही.

"मी एवढंच समजले," काकी म्हणाल्या, "की फुटणं महत्त्वाचं नाही, कधी फुटायचं हे कळणं महत्त्वाचं. तुम्ही दोघं कलम नि बाठ्यावरून भांडताय, दोन्हीकडे फुटतंच की."

त्या आत गेल्या. वाद थांबला नाही, पण आवाज उतरले.

मग मी माझा खरा मुद्दा मांडला. बाठ्याआधी वेगळं विभाजन झालेलं असतं: अर्धगुणसूत्री. त्यात नक्कल एकदा आणि वाटणी दोनदा. त्याहून मोठी गोष्ट, वाटणीआधी आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं जोडीने शेजारी बसतात आणि आपसांत तुकडे बदलतात. आंब्यात २० जोड्या. तुकड्यांची अदलाबदल बाजूला ठेवली आणि जोडीतलं कोणतं गुणसूत्र कुणाच्या वाट्याला जाईल एवढंच मोजलं, तरी एका झाडाच्या परागकणांत १० लाख ४८ हजार ५७६ तऱ्हा होऊ शकतात. दुसऱ्या बाजूने तितक्याच. माशी कुठल्या मोहोरावरून उठून कुठल्या मोहोरावर बसते, त्यावर पुढचं.

"आणि काका, तुमचा पहिला हापूससुद्धा कधीतरी एका बाठ्यातूनच उगवला असणार. कुणीतरी तो उपटला नाही म्हणून आपण आज पेट्या भरतो."

काका यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शंभर बाठे लावले तर एखादा खाण्याजोगा. आणि तो कसा आहे हे कळायला आठ-दहा वर्षं. बागायतदाराने तोवर काय खायचं?"

"दापोलीच्या विद्यापीठाने थांबून बघितलं. नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१मध्ये रत्ना आला. त्यात साका होत नाही, गर आतून बिघडत नाही. हापूसची सगळी कलमं म्हणजे एकच झाड, म्हणून साक्याचा दोषही सगळ्यांना सारखा. उद्या एखादा रोग आला तर तोही सगळ्यांना सारखाच गाठेल."

"रत्ना चांगला आहे. मी त्याचीही कलमं करतो." ही गोष्ट मी विसरले होते: रत्नाचा बाठा लावून रत्ना मिळत नाही, त्यालाही कलमच लागतं. "आणि सगळी एकच झाड म्हणतेस, तर खाली बघ जरा." त्यांनी गोणपाट वर उचललं. तांबूस कोवळ्या पानांचे पंचवीस-तीस खुंट. "यातला एक दुसऱ्यासारखा आहे का? सगळे रायवळ. वरती हापूस, पण पाय प्रत्येकाचे निराळे. कातळावर कुठला टिकेल, पाण्यात कुठला उभा राहील, हे ते पाय ठरवतात. मी काही तुझ्या बाठ्याच्या विरोधात नाही. मी त्याच्यावरच उभा आहे."

पन्नास वर्षं हा माणूस दोन्ही विभाजनं एका पट्टीत बांधत होता आणि मी त्याला त्यातलं एकच शिकवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांद्याची मुळं कापली. काका शेजारी उभे. ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोलमध्ये टाकणं, हायड्रोक्लोरिक आम्लात जरा गरम करणं, मग ॲसिटोकार्मिन, मग काचपट्टीवर अंगठ्याने हलका दाब. त्यांना अंगठ्याचा तो दाब आवडला; पट्टी बांधताना असाच द्यावा लागतो म्हणाले. भिंगातून पाहिलं तेव्हा आधी त्यांना नुसते लाल ठिपके दिसले. बहुतेक पेशी एस किंवा जीच्या दीर्घ काळातल्याच असतात. मग मी काचपट्टी सरकवली.

"हे धागे?"

"गुणसूत्रं. कांद्याला १६. त्या पेशीत मधोमध रांगेत उभी आहेत बघा. आता खालची बघा, दोन टोकांना चालली आहेत. सोळा इकडे, सोळा तिकडे."

"कमी कुणालाच नाही."

"नाही. आणि ही शेवटची. मधे अंधूक रेघ दिसते ना? ती नवी भिंत."

"गडगा."

"हो. पण हा कडेकडून आत येत नाही. मधोमध सुरू होऊन बाहेरच्या भिंतींकडे वाढत जातो. आणि बांधतानाच त्यात बारीक वाटा राखलेल्या असतात. भिंत पुरी झाली तरी दोन्ही पेशींचं आतलं द्रव्य त्या वाटांनी जोडलेलं राहतं."

काकांनी डोळा उचलला नाही. "हे आत्ता चाललंय?"

"नाही. मुळं अल्कोहोलमध्ये टाकली तेव्हाच सगळं थांबलं. होतं तसंच गोठलं."

"म्हणजे यांची वाटणी अर्ध्यावरच राहिली," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

कलम खड्ड्यात लावायचं हे त्या दुपारी ठरलं, आणि ते मीच म्हणाले. काकींना त्या झाडाचे आंबे हवे होते, तेच. बाठ्याचं काय, हे कुणी काढलं नाही. चार दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा काका मागीलदारी गेले आणि माडाच्या आळ्यातून तो मातीच्या हुंड्यासकट अलगद वर काढला. मला वाटलं, आता याचा खुंट होणार. पण चाकू पडवीतच होता.

"याला दहा मीटर तरी मोकळी जागा हवी," ते म्हणाले. "आपल्याकडे उरली नाही. गडग्यापलीकडे आहे."

पलीकडे धाकटे काका. वाटणीनंतरच्या अकरा वर्षांत दोघांचं बोलणं गणपतीपुरतंच उरलं होतं. काकांनी रोप ओल्या गोणपाटात गुंडाळलं, छत्री घेतली आणि गडग्याला वळसा घालून रस्त्याने निघाले.